शेतातला उंदीर धरायचा तर आधी बीळ वाचावे लागते

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, बारामती-इंदापूरच्या बाजूला, ऊस आणि गहू बांधाला बांध लावून असतात. उंदरांना याहून सोयीची जागा दुसरी नाही. गहू पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात, असला की ते गव्हात, गहू सोंगला की उसात, आणि दोन्हीकडून हुसकले तर कालव्याच्या भरावात. भराव कोणी नांगरत नाही, त्यामुळे तिथली बिळे वर्षानुवर्षे टिकतात. आम्ही शेजारी-शेजारी मिळून पिंजरे लावतो ते याच रानात. या कामात पिंजऱ्याची निवड किंवा आमिष यांवर फार बोलले जाते, पण काम जमते किंवा फसते ते त्याआधीच, बिळे पाहण्याच्या वेळी. म्हणून तेच आधी सांगतो.

उंदीर म्हणजे सगळे एकच असे धरून चालले तर निम्मे पिंजरे रिकामे राहतात. ओलिताच्या रानात सर्वांत जास्त नुकसान करते ती छोटी घूस. अंगाने दांडगी, वजनाने पाव किलोच्या आसपास, तोंड आखूड व बोथट, केस राठ आणि काळपट, शेपूट अंगापेक्षा थोडे आखूड. पिंजऱ्यात चवताळली की फिस्कारते आणि पाठीवरचे केस उभे करते. रुंद बांध, पाटाच्या कडा आणि उसाच्या सऱ्या ही तिची घरे. ओंब्या तोडून बिळात साठा करणारी तीच. दुसरा मऊ केसांचा करडा उंदीर, पोट पांढुरके, आकाराने घुशीच्या निम्म्याहून लहान. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की तो भेगांतच मुक्काम करतो, त्यामुळे त्याचे बीळ असे वेगळे दिसतच नाही. मुरमाड आणि हलक्या रानात शेपटीच्या टोकाला झुपका असलेला, मोठ्या डोळ्यांचा आणि उड्या मारत पळणारा उंदीर सापडतो. त्याच्या बिळाला बरीच तोंडे असतात आणि ती उघडी असतात. चौथा अगदी इटुकला, बांधावर बोटभर रुंदीचे भोक करून राहणारा. अर्ध्या इंचाच्या जाळीतून तो सहज निसटतो, त्यामुळे त्याच्यासाठी पिंजरा वाया घालवू नये.

चिचुंद्रीही पिंजऱ्यात येते. लांब निमुळते नाक, बारीक डोळे आणि उग्र वास यावरून ती लगेच ओळखू येते. ती किडे, अळ्या खाते, पिकाला हात लावत नाही. ती सापडली की जागेवरच सोडून द्यावी.

आता बिळे. जुन्या बांधावर चालत गेले तर पावलोपावली भोके दिसतात आणि त्यांतली बरीच रिकामी असतात. रिकाम्या बिळापुढे पिंजरा लावणे म्हणजे ती रात्र फुकट. म्हणून आधी जिवंत बिळे शोधायची. सर्रास सांगितली जाणारी पद्धत अशी, की संध्याकाळी सगळी तोंडे मातीने बुजवायची आणि सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत समजायची. मऊ केसांच्या आणि झुपकेदार शेपटीच्या उंदरांना ती लागू पडते. माती सैल टाकायची, टाच मारून दाबायची नाही.

घुशीच्या बाबतीत मात्र हे नेमके उलटे आहे. घूस आत शिरली की मागून मातीने तोंड बंद करून घेते. तिच्या बिळाची ओळख म्हणजे तोंडापाशी भुसभुशीत मातीचा ढीग, कधी ओंजळभर, कधी पाटीभर, आणि बंद दार. अशी बिळे बुजवून सकाळी पाहायला गेलात तर सगळी बंदच दिसणार, आणि रानात उंदीर नाहीत असा निष्कर्ष निघणार. तो पूर्ण चुकीचा असतो. घुशीसाठी संध्याकाळी खुरप्याने ढीग बाजूला सारून तोंड उघडे करायचे, आतली सैल माती लांब दांड्याच्या आकड्याने वीतभर ओढून काढायची. हात घालायचा नाही, कारण जुन्या बिळात घोणस किंवा नाग असू शकतो. सकाळी ज्या तोंडाला आतून ओली, गडद माती लागलेली दिसते ते जिवंत. माती पहाटेची असेल तर ती बाजूच्या मातीपेक्षा काळसर असते आणि बोटाने दाबली की दबते. ऊन चढल्यावर हा फरक पुसला जातो, म्हणून ही पाहणी दव असतानाच उरकावी.

जिवंत तोंडाजवळ चुन्याची फक्की टाकावी किंवा चिंधी बांधलेली काठी रोवावी. मोजताना तोंडे मोजू नयेत. एका घुशीच्या बिळाला तीन-चार ते सात-आठ तोंडे असू शकतात, आणि आत बहुधा एकच मोठी घूस असते, किंवा पिल्ले असतील तर मादी आणि तिची पिल्ले. आठ-दहा फुटांच्या आतली, एकाच ओळीत किंवा एका ढिगाभोवतीची तोंडे मिळून एक बीळ धरायचे. किती पिंजरे लागतील ते या आकड्यावरून ठरते. प्रत्येक जिवंत बिळाला एक पिंजरा, शिवाय वाटांवर थोडे जास्तीचे. एकरी सरसकट इतके, असा हिशेब आम्ही करत नाही, पण ढोबळ अंदाज हवाच असेल तर वस्ती दाट असलेल्या रानात एकरी १५ ते २० पिंजरे लागतात.

बिळांखेरीज इतर खुणाही पाहाव्यात. ताजी लेंडी मऊ, काळी आणि तकतकीत असते, शिळी करडी आणि चुरा होणारी. गव्हाचा फुटवा उंदराने तोडला असेल तर काप तिरका असतो, खोडकिड्याने वाळलेल्या फुटव्याला असा काप नसतो. उसाच्या बुडाकडच्या कांड्या कुरतडलेल्या असतील तर चोथ्याचा रंग बघावा. पांढरा ओलसर चोथा कालचा, तांबूस आणि आंबूस वासाचा जुना. गवतातून दोन-तीन इंच रुंदीची, गुळगुळीत दबलेली वाट जाताना दिसते, ती त्यांची रोजची ये-जा. घूस उघड्यावरून सरळ धावत नाही, कशाच्या तरी आडोशाने किंवा कडेकडेने जाते. पिंजरा कुठे ठेवायचा याचे उत्तर त्या वाटेतच असते.

वेळ चुकली तर चांगला पिंजराही हात टेकतो. गहू नोव्हेंबरात पेरला तर साधारण दोन महिन्यांनी पोटरीत येतो, आणि पोटरीपासून दाणा चिकात असेपर्यंत सर्वांत जास्त फुटवे तोडले जातात. याच काळात खाणे मुबलक असल्याने त्यांची वीणही जोरात असते. तोवर थांबले तर उशीर झाला. गव्हातली फेरी पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यात घ्यावी. पीक गुडघ्याच्या खाली असते, बांध दिसतात, आणि पायवाटेने चालता येते.

पण वर्षातली खरी फेरी एप्रिल-मेमधली. गहू निघालेला असतो, बांधावरचे गवत वाळलेले असते, बिळे लांबून दिसतात, आणि रानात खायला फारसे नसल्याने आमिष लगेच घेतले जाते. उंदीर बांध, पाट आणि भराव यांच्याकडे गोळा झालेले असतात. घुशीची गर्भावस्था सुमारे तीन आठवड्यांची, एका वेतात सहा-आठ पिल्ले, आणि ती तीनेक महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. मे महिन्यात एक मादी धरणे आणि पुढच्या जानेवारीत तिची सगळी पिलावळ धरत बसणे यांतला फरक इथे आहे. पाऊस सुरू झाला, तण वाढले की ही संधी गेली.

आम्ही वापरतो तो साधा एकदारी तारेचा पिंजरा. बाजारात मिळतो तो बहुधा फूटभर लांब असतो. घुशीसाठी तो अपुरा पडतो. तिचे पुढचे पाय आमिषापर्यंत पोहोचले तरी मागचा भाग दारात राहतो, झडप पाठीवर पडते आणि ती मागे सरकून निसटते. अशी एकदा निसटलेली घूस नंतर बराच काळ पिंजऱ्याच्या जवळ फिरकत नाही. म्हणून १५ ते १६ इंच लांब, सहा इंच रुंद व उंच, अर्ध्या इंचाच्या जाळीचा पिंजरा लोहाराकडून करून घेतलेला बरा. तार जाड घ्यावी, बारीक तारेची जोडणी घूस दातांनी उचकटते.

पिंजऱ्याचा जीव आतल्या आकडीत आणि वरच्या दांडीच्या खाचेत असतो. आमिष आकडीला ओढले की दांडी खाचेतून सुटते आणि स्प्रिंगच्या जोराने झडप बंद होते. खाच खोल असेल किंवा गंजली असेल तर उंदीर आमिष कुरतडून खातो, आकडी हलते, पण दांडी सुटत नाही. सकाळी आमिष गायब आणि दार उघडे, हे चित्र दिसले की बहुतेक वेळा कारण हेच असते. लावण्याआधी प्रत्येक पिंजरा ज्वारीच्या कडब्याच्या काडीने तपासावा. काडीच्या टोकाने आकडी हलकेच लोटली की दार पडले पाहिजे. काडी वाकेपर्यंत पडत नसेल तर कानशीने खाच उथळ करावी. उलट खाच इतकीही उथळ नको की पिंजरा ठेवताना बसलेल्या धक्क्यानेच दार पडेल. झडप पडल्यावर ती खालून बोटाने उचलून पाहावी. उचलली जात असेल तर स्प्रिंग ढिली आहे, बदला. वंगण म्हणून खाण्याचे तेल लावावे. यंत्राच्या तेलाचा आणि ग्रीसचा वास उंदराला बिचकवतो. नव्या कोऱ्या पिंजऱ्याला दुकानाचा आणि रंगाचा वास असतो, तो आठवडाभर मातीत, पाचटात टाकून ठेवावा. धुताना नुसते पाणी वापरावे, फिनेल नको.

लाकडी किंवा लोखंडी चापही चालतो आणि पिंजऱ्याहून स्वस्त पडतो. पण उघड्या चापात चिमण्या, भारद्वाज, खारी अडकतात. तो वापरायचा तर नळीच्या कौलाखाली ठेवावा. कौलाचा बोगदा होतो, पक्षी आत जात नाहीत आणि उंदराला आडोसा मिळतो. वाटेवर चाप आडवा ठेवायचा आणि दोन चाप पाठीला पाठ लावून, म्हणजे कोणत्याही बाजूने आला तरी आमिषाची पट्टी आधी लागते. अनेक उंदीर एकदम धरणारे नरसाळ्याच्या तोंडाचे पिंजरे गोदामात उत्तम, पण घूस एकटी राहणारी असल्याने शेतात त्यांचा फायदा थोडा. चिकट पाट्या रानात धुळीने एका रात्रीत निकामी होतात आणि त्यांवर जीव तडफडत राहतो, त्या आम्ही वापरत नाही. तमिळनाडूत कावेरीच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत बांबूच्या धनुष्यासारखा तंजावरी सापळा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. चिखलात रोवता येतो हा त्याचा मोठा गुण. आमच्या कोरड्या बांधावर तो नीट उभा राहत नाही.

पिंजरा ठेवण्याची जागा अशी. बिळाच्या तोंडाला चिकटून कधीही ठेवू नये. घूस तोंड बंद करण्यासाठी माती बाहेर लोटते, ती माती पिंजऱ्यात भरते आणि दार अडकते. तोंडापासून दीड-दोन फूट अंतरावर, वाटेच्या रेषेत, दार बिळाकडे करून ठेवायचा. खालची जमीन खुरप्याने सपाट करायची. तळाची जाळी पायाखाली लागू नये म्हणून तिच्यावर मूठभर बारीक माती पसरायची, मात्र दाराच्या खोबणीत एक खडाही राहता कामा नये. पिंजरा हाताने दाबून हलतो का पाहायचा. उंदराने पाय टाकला आणि पिंजरा डगमगला तर तो मागे फिरतो. वरून पाचट किंवा पोत्याचा तुकडा टाकावा, फक्त दार मोकळे ठेवावे. त्याने अंधार आणि आडोसा मिळतो, आणि सकाळी उशीर झाला तर आतला जीव उन्हात भाजत नाही. पिंजरा तारेने खुंटीला बांधावा, नाहीतर कुत्री-कोल्ही तो ओढून नेतात.

वाटांवरचे जास्तीचे पिंजरे दहा-दहा पावलांवर, बांधाच्या पायथ्याशी ठेवावेत, माथ्यावर नाही. उसात ठेवायचे तर सरीच्या तोंडाशी, पहिल्या दोन-तीन सऱ्यांत. खोल आत ठेवलेला पिंजरा रोज तपासला जात नाही, आणि न तपासलेला पिंजरा लावू नये.

आमिषाचा नियम एकच. त्या रानात जे त्या वेळी नाही, ते द्यावे. ओंब्या भरलेल्या गव्हात गव्हाचे दाणे ठेवून काही मिळत नाही. तिथे सुका बोंबील, सुकट किंवा तळलेले भजे चालते. उन्हाळ्यात उंदीर पाण्यासाठी कासावीस असतो, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या जातात त्या याच दिवसांत, तेव्हा काकडीची फोड किंवा टरबुजाची साल धान्यापेक्षा जास्त ओढ लावते. नळ्या फुटत असलेल्या ओळीच्या कडेने असे पिंजरे लावले की नुकसान करणारेच नेमके हाती लागतात. एरवी भाजलेले खोबरे किंवा शेंगदाण्याचा कूट आणि गूळ यांची सुपारीएवढी गोळी. आमिष आकडीत नुसते खोचू नये, दोऱ्याने दोन वेढे देऊन बांधावे. सैल आमिष उंदीर अलगद काढून नेतो. मुंग्या लागल्या की आमिष तासाभरात निरुपयोगी होते, म्हणून ते दिवस मावळताना लावावे आणि रोज नवे घालावे.

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पिंजरा आणला आणि त्याच रात्री लावला तर पहिल्या दोन रात्री फारसे काही मिळत नाही, आणि जे अर्धवट अडकून सुटतात ते बाकीचे काम अवघड करतात. आम्ही दोन-तीन रात्री दार तारेने उघडे बांधून ठेवतो. आत आमिष असते, दारातही थोडे सांडलेले असते. रोज सकाळी कोणत्या पिंजऱ्यातले आमिष गेले ते पाहायचे. सगळीकडे खाल्लेले दिसू लागले की त्या संध्याकाळी सगळे पिंजरे एकदम लावायचे. जिथे तीन रात्री आमिषाला तोंड लागले नाही तो पिंजरा पाच-सात फूट सरकवायचा. उघड्या बांधावर अंधाऱ्या पंधरवड्यात जास्त मिळतात, चांदण्यात उंदीर आडोसा सोडत नाहीत. लागोपाठ तीन-चार रात्री लावले की हाती लागणे एकदम कमी होते, तेव्हा पिंजरे उचलून पुढच्या बांधावर न्यावेत.

सकाळची फेरी दिवस उगवताच घ्यायची. बिबट्याचा वावर असलेल्या भागात, जुन्नरकडे वगैरे, उजाडण्याआधी उसाच्या कडेने जाऊ नये. हातात जाड रबरी हातमोजे आणि पायात गमबूट असावेतच. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, ओल्या चिखलातून पायाच्या जखमेवाटे तो शिरतो. फेरीनंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना उंदराच्या कामाचे आवर्जून सांगावे. पिंजऱ्यात मुंगूस, घोरपड किंवा धामण अडकली असेल तर लांबून दार उघडून सोडून द्यावी. त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि धामण आपले काम फुकट करते.

धरलेला उंदीर पलीकडच्या रानात सोडणे म्हणजे आपली कटकट शेजाऱ्याच्या माथी मारणे. मारायचा तर झटपट मारावा. पिंजऱ्याचे दार जाड पोत्याच्या तोंडाशी लावून त्याला आत घ्यायचे, पोते कोपऱ्यात आवळायचे आणि डोक्यावर एकच जोराचा घाव. पाण्यात बुडवून मारण्याची चाल सगळीकडे आहे, पण त्यात जीव मिनिटे-मिनिटे तडफडतो. ते टाळता येते, तर टाळावे. मेलेले उंदीर विहिरीपासून लांब, दोन फूट खड्ड्यात पुरावेत.

विषाबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही, कारण बहुतेक जण पिंजऱ्याच्या आधी तिकडेच वळतात. झिंक फॉस्फाइडचे आमिष ९६ भाग भरडा, २ भाग तेल आणि २ भाग पावडर असे करतात. म्हणजे एक किलोसाठी ९६० ग्रॅम गव्हाचा किंवा ज्वारीचा भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम पावडर. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, काठीने कालवायचे. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, ओल लागली की विषारी फॉस्फिन वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. आधी दोन दिवस बिनविषाचा तेल लावलेला भरडा, मग तिसऱ्या संध्याकाळी जिवंत बिळात कागदाच्या पुडीत १० ग्रॅम. बिळाबाहेर एक दाणाही टाकू नये. थोडे खाऊन आजारी पडलेला आणि वाचलेला उंदीर पुढे त्या आमिषाला शिवत नाही, त्यामुळे हंगामात हे एकदाच चालते. लगोलग दुसऱ्यांदा टाकणे म्हणजे पावडर वाया आणि धोका दुप्पट. जे उरतात त्यांच्यासाठी आठवड्या-दहा दिवसांनी ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्क्याचे आमिष देतात. त्याने उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून तो बिचकत नाही, पण तो अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष त्यांच्याही पोटात जाते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः हाताळायच्याच नाहीत, त्यांच्या विक्रीवर आणि वापरावर निर्बंध आहेत.

आमचा क्रम असा, की वस्ती फारच दाट असेल तर आधी एकदा विष आणि मग पिंजरे, नाहीतर नुसते पिंजरे. जिथे लोक बिळे खणून उंदीर आणि साठवलेले धान्य नेतात तिथे विषाचे नावही काढू नये. कोकणातले कातकरी बिळाची चोरवाट कुठे असेल हे वरची माती पाहून सांगतात, एरवीची तोंडे दगडाने बंद करून एकाच तोंडातून पाचोळ्याचा धूर देतात आणि चोरवाटेवर उंदीर धरतात. त्या हातांना पिंजरा लागत नाही. त्यांना खणायला बोलवायचे असेल तर त्या बांधावर त्या हंगामात कधीही विष टाकलेले नाही याची खात्री आधी करावी.

भिजवणीच्या दिवशी पाण्यानेही बरेच उंदीर बाहेर पडतात. पाट सोडल्यावर दोघे-तिघे काठ्या घेऊन बांधावर उभे राहिले की बिळात पाणी शिरताच उंदीर वर येतात. पण यात बांध फुटतो, आणि निसटलेला उंदीर शेजारच्या कोरड्या बांधात जातो. म्हणून त्या कोरड्या बांधाच्या पायथ्याशी त्याच रात्री पिंजरे लावावेत.

उसाचे वेगळे सांगावे लागते. आडसाली लावण जुलै-ऑगस्टमधली, मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती चढवण्याचे काम, होईपर्यंत सऱ्यांतून फिरता येते. तोवर आतली बिळे संपवली तर संपवली. नंतर ऊस दाटतो, वाऱ्याने लोळला तर आत पाय ठेवायलाही जागा राहत नाही, आणि लोळलेल्या उसातच नुकसान सर्वांत जास्त. कांडी जमिनीला टेकली की ती उंदराच्या तोंडाशी आलीच. कुरतडलेल्या कांडीतून लाल कूज वर चढते आणि वजनासोबत साखरही जाते. लोळण टाळण्यासाठी बांधणीला भरपूर माती लावणे हा उंदरांवरचाही उपाय आहे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की शेजारचे फड तुटत जातात आणि तिथले उंदीर उभ्या उसात सरकतात. शेजारच्या फडात तोडणी टोळी येणार हे कळले की आदल्या तीन रात्री त्या बाजूच्या बांधावर पिंजरे उघडे ठेवून उंदरांना सवय लावायची, आणि तोडणीच्या रात्रीपासून सलग लावायचे. वर्षभरात एका ओळीत इतके उंदीर दुसऱ्या कशाने मिळत नाहीत.

एकट्याने हे सगळे केले तर महिनाभरात बिळे पुन्हा भरतात, कारण रिकामे बीळ शेजारच्या उंदरासाठी तयार घर असते. म्हणून निदान एका चारीवरचे, म्हणजे कालव्याच्या एका फाट्यावर भिजणारे, सगळे शेतकरी एकाच आठवड्यात काम करतील असे ठरवावे आणि सुरुवात कालव्याच्या भरावाकडून करावी. फेरी संपली की रिकामी बिळे खणून मोडावीत, नुसती बुजवू नयेत. बांध दीड फुटाहून रुंद असेल तर तासून अरुंद करावा, अरुंद बांधात घुशीला खोली काढता येत नाही. बांधावर पाचटाचे, काडीकचऱ्याचे ढीग ठेवू नयेत. रानात दहा फुटी काठ्यांवर आडव्या दांड्या बांधून घुबडांसाठी थांबे करावेत. गव्हाणी घुबड आणि पिंगळा रात्रभर काम करतात. दाणा भरायला लागला की थांबे काढून घ्यावेत, नाहीतर दिवसा त्यांवर दाणे टिपणारे पक्षी बसतात.

किती उंदीर धरले यावरून यश मोजू नये. फेरीआधी जितकी जिवंत बिळे मोजली तितकीच काळजीने फेरीनंतर आठवड्याने मोजावी, घुशीच्या बिळांची तोंडे उघडून आणि इतरांची बुजवून. आधी ४० आणि नंतर ६ राहिली तर ८५ टक्के काम झाले. निम्म्याहून जास्त जिवंत असतील तर जागा किंवा आकडी यांत खोट आहे, आमिष बदलून उपयोग होणार नाही. राहिलेल्या बिळांवर लगेच पिंजरे लावावेत, आणि पुढची मोजणी सहा ते आठ आठवड्यांनी ठेवावी, म्हणजे वाचलेल्या माद्यांची नवी पिल्ले वयात येण्याआधी गाठता येतात.